वापरलेली 'इकोस्पोर्ट' : घ्यावी की सोडून द्यावी?

'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' अशी एक जुनी म्हण आहे. जनावर पाण्यात डुंबत असताना काठावरून त्याची किंमत ठरविणाऱ्याची फसगत होते, हा तिचा आशय. वापरलेल्या मोटारींच्या बाजाराला ही म्हण तंतोतंत लागू पडते. धुऊन-पुसून, टायरना काळे पॉलिश चढवून उभी केलेली गाडी दिसते. तिचे इंजिन, तिचा इतिहास आणि तिची कागदपत्रे मात्र पाण्याखालीच असतात.

फोर्ड कंपनीची 'इकोस्पोर्ट' ही या बाजारातील मोठ्या मोहाची गाडी. उंच बैठक, घट्ट सुकाणू, वेगात वळतानाही न डगमगणारा सांगाडा आणि चार मीटरच्या आत मावणारा आटोपशीर आकार यांमुळे तिचा चाहता वर्ग आजही टिकून आहे. मात्र फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील मोटारनिर्मिती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२२ च्या मध्यापर्यंत चेन्नईतील उत्पादनही थांबले. तेव्हापासून ही गाडी तिच्या बरोबरीच्या इतर गाड्यांपेक्षा स्वस्तात मिळू लागली. ज्या कुटुंबाने चार-पाच लाख रुपये मोठ्या कष्टाने बाजूला काढले आहेत, त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो इथेच. ही स्वस्ताई म्हणजे संधी आहे, की पुढील खर्चाची नांदी?

गाडीची कुळकथा

इकोस्पोर्टचे आजचे रूप जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात प्रथम जगासमोर आले आणि जून २०१३ मध्ये ती भारतीय बाजारात दाखल झाली. चेन्नईजवळील मरैमलै नगर येथील कारखान्यात तयार झालेल्या या गाड्या युरोप-अमेरिकेपर्यंत निर्यात झाल्या. मोटारीच्या बांध्यावर उभी असलेली, पण जीपसारखी उंच दिसणारी छोटी गाडी ही कल्पना भारतीय मध्यमवर्गात रुजविण्यात तिचा वाटा मोठा होता. मारुतीची ब्रेझा, टाटांची नेक्सॉन, ह्युंदाईची व्हेन्यू या साऱ्या तिच्यानंतरच्या.

चार मीटरच्या मर्यादेमागे करांचे गणित होते. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंत, ही तिची अट. इकोस्पोर्टच्या मागील दारावर टांगलेले सुटे चाक आठवले, म्हणजे लांबीचा हा मेळ बसविण्यासाठी केलेली कसरत ध्यानात येते. ते दार वर उघडत नाही, कपाटासारखे बाजूला उघडते. गाडीमागे भिंत किंवा दुसरी गाडी अगदी लगत असेल, तर सामान काढणे अवघड होते. मुंबई-ठाण्यातील सोसायट्यांच्या अरुंद पार्किंगमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या जागेत हे दार उघडते का, याची खात्री व्यवहाराआधीच करून घ्यावी. मागील आसनावर दोन प्रौढ आणि एक मूल ठीक बसते. तीन प्रौढांना मात्र दाटीवाटी होते.

एकाच नावाच्या अनेक गाड्या

'इकोस्पोर्ट घ्यावी का?' हा प्रश्न मुळात अपुरा आहे. 'कोणती इकोस्पोर्ट?' असा तो विचारायला हवा. कारण या एकाच नावाखाली निरनिराळ्या स्वभावाची यंत्रे विकली गेली.

पहिला प्रकार १.५ लिटर डिझेलचा. हेच इंजिन थोड्याफार फरकाने फोर्डच्या फिगो, अस्पायर आणि फ्रीस्टाइल या गाड्यांतही होते. वापरलेल्या गाडीच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे. जे यंत्र अनेक गाड्यांत बसले, त्याचे सुटे भाग अधिक दुकानांत सापडतात आणि त्यावर हात बसलेले मेकॅनिकही अधिक असतात. ज्यांचा महिन्याचा प्रवास मोठा आहे, पुणे-नाशिक किंवा मुंबई-कोल्हापूर अशा फेऱ्या ज्यांना नित्याच्या आहेत, त्यांना हा प्रकार मानवतो. मात्र एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. घर ते कार्यालय एवढीच चार-पाच किलोमीटरची धाव असणाऱ्याने अशी डिझेल गाडी घेतली, तर तो फिल्टर तुंबण्याची डोकेदुखी ओढवते.

दुसरा प्रकार १.५ लिटर पेट्रोलचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये गाडीचे रूप पालटले, तेव्हा जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाऐवजी तीन सिलिंडरचे नवे इंजिन आले. त्याची ताकद १२३ पीएस. त्याच वेळी स्वयंचलित गिअरबॉक्सही बदलला. हा बदल केवळ तपशिलाचा नव्हता. २०१७ पूर्वीच्या स्वयंचलित पेट्रोल गाडीत 'पॉवरशिफ्ट' हा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स होता. याच कुळातील गिअरबॉक्सबाबत परदेशांत ग्राहकांच्या असंख्य तक्रारी झाल्या. ऑस्ट्रेलियात फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल तेथील न्यायालयाने २०१८ मध्ये फोर्डच्या स्थानिक कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. गर्दीत सरकत-थांबत चालताना गाडीला हिसके बसणे, ती थरथरणे ही या दोषाची लक्षणे. दादर ते अंधेरी किंवा स्वारगेट ते हिंजवडी अशा रेंगाळणाऱ्या वाहतुकीत रोज जाणाऱ्याने २०१७ पूर्वीची स्वयंचलित इकोस्पोर्ट टाळलेलीच बरी. त्यानंतर आलेला टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा गिअरबॉक्स अधिक भरवशाचा आहे.

तिसरा प्रकार सर्वांत मोहक आणि म्हणूनच सर्वांत जपून पाहण्याजोगा. तो म्हणजे एक लिटरचे 'इकोबूस्ट' टर्बो पेट्रोल इंजिन. अवघ्या ९९९ घनसेंटिमीटरच्या या तीन सिलिंडरी यंत्रातून १२५ पीएस ताकद निघते. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे त्याने 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा सन्मान पटकावला. भारतात ते २०१३ मध्ये आले, मध्यंतरी मागे पडले आणि मे २०१८ मध्ये सहा गिअरच्या 'इकोस्पोर्ट एस' या खास आवृत्तीतून परतले. २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर ते पुन्हा दिसेनासे झाले. मायलेजचा अधिकृत आकडा लिटरला १८.९ किलोमीटरचा होता. प्रत्यक्षात शहरी गर्दीत आणि उजवा पाय जड असलेल्या चालकाच्या हाती तो बराच खाली येतो.

तेलात भिजणारा पट्टा

या इंजिनाची नाजूक जागा समजून घेणे अगत्याचे आहे. इंजिनातील झडपांची उघडझाप आणि पिस्टनची वर-खाली हालचाल यांची लय टायमिंग बेल्ट नावाचा पट्टा सांभाळतो. बहुतेक इंजिनांत त्या जागी धातूची साखळी तरी असते किंवा तेलाबाहेर, कोरड्या जागी फिरणारा रबरी पट्टा. इकोबूस्टमध्ये मात्र हा पट्टा इंजिन ऑइलमध्ये भिजतच फिरतो. घर्षण आणि आवाज कमी व्हावा, हा त्यामागील हेतू.

हेतू चांगला असला, तरी परिणाम तेलावर अवलंबून राहतो. ऑइल ठरलेल्या प्रतीचे नसेल किंवा वेळेवर बदलले गेले नसेल, तर पट्ट्याचे रबर हळूहळू झिजते. त्याचे बारीक कण ऑइलमध्ये मिसळून तळाशी असलेल्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली, की इंजिनात तेलाचा दाब घटतो. टर्बोला आणि बेअरिंगना पुरेसे वंगण मिळत नाही आणि अखेर इंजिन जाम होते. पट्टा तुटण्याआधीच इंजिनाचा बळी जातो, तो असा. पट्टा बदलण्याचे कामही सोपे नाही; त्यासाठी खास हत्यारे आणि जाणता कारागीर लागतो. २०१७ नंतरच्या १.५ लिटर तीन सिलिंडर पेट्रोल इंजिनातही पट्टा तेलातच फिरतो. त्यामुळे 'टर्बो नाही म्हणजे चिंता नाही' असे समजून चालत नाही.

अशी गाडी पाहताना विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न 'किती पळाली?' हा नव्हे, तर 'ऑइल कधी-कधी आणि कोणते बदलले?' हा होय. इकोबूस्टसाठी कंपनीने ५डब्ल्यू-२० या पातळ प्रतीचे ऑइल नेमून दिले होते. सर्व्हिसच्या पावत्यांवर ती नोंद दिसली पाहिजे. पावत्याच नसतील, तर गाडी कितीही देखणी असो, पट्टा आणि जाळी तपासून बदलण्याचा संपूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. विक्रेता त्यास तयार नसेल, तर सौदा सोडून देण्यात कमीपणा नाही.

कंपनी गेली, सुट्या भागांचे काय?

भारत सोडणारी फोर्ड ही पहिली कंपनी नव्हे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस शेवरोले गाड्यांची भारतातील विक्री थांबविली आणि डिसेंबर २०२० मध्ये पुण्याजवळील तळेगावच्या कारखान्यातील उत्पादनही बंद झाले. शेवरोलेच्या ग्राहकांचा अनुभव असा, की कंपनी गेली म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही; पण तिची बाजारातील किंमत मात्र लगेच ढासळते.

निर्मिती थांबविताना फोर्डने सर्व्हिस, सुटे भाग आणि वॉरंटीची जबाबदारी सुरू ठेवण्याचे जाहीर केले होते. त्यासाठी मुंबईसह दिल्ली, चेन्नई, साणंद आणि कोलकाता येथील सुट्या भागांची कोठारे कायम राहतील, असेही सांगण्यात आले. तथापि सर्व्हिस केंद्रांचे जाळे पूर्वीइतके दाट राहिलेले नाही. खरेदीदाराने आपल्या घरापासून सर्वांत जवळचे केंद्र कोणते, हे दूरध्वनी करून पाहावे आणि तेथे दोन-तीन विशिष्ट भाग मिळण्यास किती दिवस लागतात, तेही विचारावे.

सुट्या भागांची अडचण सरसकट नसते. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शनचे रबरी बुश असे झिजणारे भाग अन्य उत्पादकही बनवितात आणि ते बाजारात मिळतात. खरी पंचाईत होते ती बाह्यांगाच्या आणि इलेक्ट्रॉनिक भागांची. हेडलॅम्प, मागील दार, बंपर, डॅशबोर्डवरील पडदा किंवा एखादे नियंत्रक यंत्र निकामी झाले, तर आठवडेच्या आठवडे थांबावे लागण्याची तयारी ठेवावी लागते. इकोबूस्ट इंजिन तर भारतात फोर्डच्या दुसऱ्या कोणत्याही गाडीत आले नाही. त्यामुळे त्याचे भाग सर्वांत दुर्मीळ. ज्याच्या घरी ही एकमेव गाडी असणार आहे आणि जिच्यावाचून रोजचे काम अडते, त्याच्यासाठी हा मुद्दा निर्णायक ठरावा.

पाऊस आणि पूर

पाणी साचलेल्या रस्त्यातून ५५० मिलिमीटर खोलीपर्यंत गाडी जाऊ शकते, असा इकोस्पोर्टचा लौकिक होता. या लौकिकापायीच अनेकांनी तिला पाण्यात घातले असण्याचा संभव आहे. मुंबईतील दरवर्षीची तुंबई, डिसेंबर २०१५ चा चेन्नईचा पूर, ऑगस्ट २०१९ मधील सांगली-कोल्हापूरचा महापूर या साऱ्यांत असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी वाळवून, आतले कापड बदलून दूरच्या शहरात विकली जाते, हे या व्यवसायातील उघड गुपित आहे.

अशी गाडी ओळखण्याच्या काही खुणा आहेत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळाशी चिखलाची रेषा आहे का, ते पाहावे. आसनांखालच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज, गालिच्याखालील ओल, दिव्यांच्या काचेआतील धुके आणि बंद गाडीत दाटलेला कुबट वास बरेच काही सांगून जातात. अत्तराचा अतिरेकी दरवळ असेल, तर शंका अधिकच बळकट व्हावी.

गाडी सकाळी, थंड इंजिनावर सुरू करून पाहावी. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले दुखणे लपविते. खडबडीत रस्त्यावर काचा बंद आणि संगीत बंद ठेवून खडखड ऐकावी. चारही टायरवरील निर्मितीचा आठवडा-वर्ष पाहावे. टायर जुळत नसतील किंवा एका बाजूने झिजले असतील, तर अपघाताची शक्यता तपासावी. किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे अवघड राहिलेले नाही. तो आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी, सुकाणू व पेडलच्या झिजेशी जुळतो का, हे पाहणे हाच त्यावरील उपाय. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेऊन त्याला त्याच्या श्रमाचे पैसे देणे ही या साऱ्या व्यवहारातील सर्वांत किफायतशीर गुंतवणूक होय.

कागदपत्रांचा फेरा

गाडी उत्तम निघाली, तरी कागद कच्चे असतील तर मनस्ताप चुकत नाही. 'एम-परिवहन' अॅपवर क्रमांक टाकून मालकाचा क्रम, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा आणि थकलेली चलने पाहता येतात. कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन बोजा उतरवावा लागतो. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० आवश्यक असतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविली आहे का, हेही पाहावे.

परराज्यातील स्वस्त गाडीचा मोह विशेष जपून आवरावा. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील गाड्या इतर राज्यांत मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. अशी गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि येथील रस्ता कर हे सारे आले. मूळ राज्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळे हेलपाटे घालावे लागतात. स्वस्ताईतील बराचसा भाग इथेच जिरतो.

विम्याबाबतही एक गैरसमज दूर व्हायला हवा. 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो जुन्या मालकाकडेच राहतो. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. अन्यथा अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. विक्रेत्यानेही गाफील राहू नये. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे.

हिशेब अखेर कसा मांडावा?

जुन्या गाडीची किंमत जुन्या काळाच्या मापाने मोजण्याची चूक अनेक विक्रेते करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी उपकरासह तो पेट्रोलसाठी २९ आणि डिझेलसाठी ३१ टक्के होता. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा जुन्यांनीही उतरायला हवे. विमा व्यवसायातील प्रचलित तक्त्यानुसार चार ते पाच वर्षांच्या गाडीचे मूल्य निम्म्याने घटलेले धरतात आणि पाच वर्षांनंतर ते परस्परसंमतीने ठरते. ज्या गाडीची कंपनीच विक्रीतून बाहेर पडली आहे, तिच्या बाबतीत खरेदीदाराने याहून कडक घासाघीस करणे रास्तच आहे.

समजा, गाडी साडेचार लाखांना मिळते आहे. तिच्यासाठी नवे टायर, बॅटरी, मोठी सर्व्हिस, हस्तांतराचा खर्च आणि विमा धरून आणखी पन्नास-साठ हजार रुपये पहिल्याच वर्षी लागणार, असे गृहीत धरावे. इकोबूस्टसाठी पट्ट्याचे काम वेगळे. शिवाय वापरलेल्या गाडीच्या कर्जावरील व्याजदर नव्या गाडीपेक्षा बहुधा अधिक असतो. म्हणजे खरी किंमत पाच लाखांच्या वर जाते. त्या पैशांत, थोडी भर घालून, वॉरंटी असलेली साधी पण नवी लहान गाडी येते का, याची तुलना कागदावर मांडून पाहावी. घरातील सर्व शिल्लक गाडीच्या किमतीतच संपणार असेल आणि दुरुस्तीसाठी हाती काहीच उरणार नसेल, तर वापरलेली इकोस्पोर्ट त्या घरासाठी नाही.

इंधनाचाही विचार हवा. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे आणि इकोस्पोर्टची निर्मिती त्यापूर्वीच थांबली. त्यामुळे मायलेजमध्ये थोडी घट आणि इंधनाच्या नळ्या, रबरी सील यांची अधिक वेळा तपासणी गृहीत धरावी.

या साऱ्याचे सार असे. ज्याचा प्रवास मोठा आहे, ज्याच्या गावात फोर्डची जाण असलेला मेकॅनिक आहे, त्याने २०१७ नंतरची, एकाच मालकाची आणि सर्व पावत्या असलेली डिझेल इकोस्पोर्ट निःशंक मनाने पाहावी. शहरात स्वयंचलित गाडी हवी असणाऱ्याने २०१७ नंतरचीच पेट्रोल गाडी पाहावी आणि तिच्या ऑइलच्या नोंदी तपासाव्यात. गाडी चालविण्याचा ज्याला मनापासून छंद आहे आणि घरात दुसरे वाहन आहे, त्याने इकोबूस्टचा विचार पट्ट्याची खात्री करूनच करावा. उरलेल्यांनी दुसरी गाडी शोधावी.

म्हैस पाण्याबाहेर आल्यावरही ती विकत घ्यायची की नाही, हे गोठा, वैरण आणि खिसा पाहूनच ठरवावे लागते. मोटारीचेही तसेच आहे. चांगली गाडी मिळणे निम्मे काम. ती आपल्याला पेलवणारी असणे, हे उरलेले निम्मे.